कोरडं रिव्हॉल्व्हर

१

दसऱ्याच्या सकाळी नत्थूजी वैरागडे देवळामागच्या ओट्यावर मरून पडलेले सापडले, आणि त्या मरणाचं लचांड दोन दिवसांनी सीताबर्डीत शामला भोयरच्या टेबलावर येऊन आदळलं. साल पंच्याऐंशी.

लचांड घेऊन आले इन्स्पेक्टर चंपतराव डाखोरे. माणूस वाईट नव्हता, पण वरून फोन आला की त्यांना दम धरवत नसे. त्यांनी एका हाताने फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं आणि दुसऱ्या हाताने एक टाइप केलेला कागद.

बाई आधी कागदाकडे बघेल, असं त्यांना वाटलं होतं. शामलाने रिव्हॉल्व्हर उचललं, नळी कोपऱ्यातल्या वाळूच्या बादलीकडे वळवली, चक्री उघडली, आत गोळी नाही हे डोळ्यांनी पाहिलं आणि वर बोटानेही चाचपून घेतलं.

"रिकामं आहे जी. पोलिसाच्या हातातून आलं," डाखोरे जरा दुखावले.

"माह्या वडिलांच्या हातातून आलं असतं, तरी पाहिलं असतं."

वडील जाऊन पाच वर्षं झाली होती. बंदुकांचं दुकान आणि दुरुस्तीचं लायसन स्वतःच्या नावावर करून घ्यायला ती गेली, तेव्हा साहेबाने विचारलं होतं, घरात कोणी पुरुष माणूस नाही का? "भिंतीवर फोटो आहे, आणू का?" असं ही म्हणाली होती. त्या एका वाक्यापायी लायसन वर्षभर लटकलं, पण तिने माफी काही मागितली नाही.

"रुपराव ढोबळ्यांचं आहे हे," डाखोरे म्हणाले. "सावनेरकडचे."

"माहीत आहे. नवरात्राच्या आधी मीच साफ करून दिलं."

"तेच तर पाह्यजे!" डाखोरे खुलले आणि त्यांनी सगळी हकीकत सांगून टाकली. नत्थूजी गावच्या देवीचे पंच. नवरात्रभर देवळातच झोपायचे. नवमीच्या संध्याकाळी, आरतीच्या ढोलाच्या दणदणाटात, कोणीतरी त्यांना मागच्या ओट्यावर गाठून बत्तीस बोअरची गोळी घातली. गोळी हाडावर चपटली, त्यामुळे प्रयोगशाळेलाही तिच्यातून काही सांगता येणार नव्हतं. आसपास बत्तीस बोअरचं हत्यार एकट्या रुपरावांचं, आणि देवीच्या मानावरून नत्थूजींशी त्यांचं भर चावडीवर वाजलेलं.

"पण गंमत पाहा बाई. खंडेनवमीच्या सकाळी रुपरावांनी हे पूजेत मांडलं. वर लाल कापड टाकलं. पूजेतल्या शस्त्राले दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडे कोणी हात लावत नाही. अख्खं घर शपथ घेते. अन् नळी पाहा, आरशासारखी! तुम्ही एवढंच लिहून द्यायचं, की मी साफ करून दिलं तसंच हे आजही आहे, मधे उडालं नाही. एक सही करा. रुपराव मोकळे, तुम्ही मोकळ्या."

शामलाने भिंग डोळ्याला लावलं. वरून कुंकू फासलेलं होतं, त्याच्या कडेने तांबूस पुटकुळ्या उठल्या होत्या. तिने आतली कळ झाकणारी बाजूची पट्टी उघडली आणि आत कापसाचा बोळा फिरवला. बोळा बाहेर आला तो नारिंगी, आणि कोरडा ठणठणीत, तेलाचा मागमूस नाही. मुठीच्या लाकडावर तिने अंगठा दाबला. लाकूड फुगून लोखंडापासून सुटत होतं.

तिने कागद उचलला, घडी घातली आणि डाखोऱ्यांच्या खिशात खोचला.

"हे मी दिलं तसं नाही. गंज कोवळा आहे, दोन दिवसांचा. नवमीनंतर हे कोणीतरी मशीनमध्ये धुतलं. मी सही नाही करत."

डाखोऱ्यांचा चेहरा उतरला. मग हळूच त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली आणि त्यांचे डोळे बारीक झाले.

"बाई, बंदूक धुवायची मशीन अख्ख्या नागपुरात एकच आहे. तुमची."

२

ती मशीन म्हणजे दुकानाच्या मागच्या खोलीतली स्टीलची टाकी. आत पाणी आणि साबणासारखं द्रावण. बटण दाबलं की कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या लहरी पाण्यात सुटतात, बारीक बुडबुडे उठून फुटतात आणि ब्रश जाणार नाही अशा फटीतली काजळी सुटून खाली बसते. तिच्या गुणगुणीमुळे बाजाराने तिचं नाव गुणगुणी ठेवलं होतं. ही गुणगुणी मुंबईहून आणली, तेव्हा शेजारचे दुकानदार म्हणाले होते, बाईला बंदुकीला आंघोळ घालायची हौस आली.

पण आंघोळीचे तिचे नियम कडक होते. गोळ्या दुसऱ्या खोलीत, कुलपात. बंदूक उघडून सुटी करायची. लाकूड आणि मुठी काढून ठेवायच्या, नुसतं लोखंड जाळीच्या टोपलीतून टाकीत. पेट्रोल, रॉकेल मशीनच्या आसपासही आणायचं नाही, कारण त्याची वाफ पेटली तर बंदूक राहील आणि माणूस जाईल. बाहेर काढलं की साध्या पाण्याने धुवायचं, गरम हवेने वाळवायचं आणि लगेच, अगदी लगेच, सांध्यासांध्यात तेल.

"काहून तेल?" डाखोऱ्यांनी विचारलं.

"मशीन काजळीसंगं जुनं तेलबी नेते. लोखंड उघडं पडते. तसंच ठेवलं तर दुसऱ्या दिवशी गंज धरते."

"तो गंज कुंकवाच्या ओलीनं आला असन."

"कुंकू वरून आहे. गंज पट्टीच्या आत आहे, जिथं भटजीचं बोट जात नाही. अन् मुठी? मी मुठी काढल्याशिवाय धुतच नाही."

"घाईत विसरल्या असान."

"मी?" शामला म्हणाली. तो 'मी' ऐकून बाहेरच्या पानवाल्याने मान वळवली.

तेवढ्यात खुद्द रुपराव ढोबळे आत आले. उंचेपुरे, पांढरंफेक धोतर आणि आवाज असा की कपाटाच्या काचा थरथराव्या. ते बाहेर जीपमध्ये सहीचीच वाट पाहत बसले होते.

"बाई, तुमाले समजून राहिलं का तुम्ही काय बोलून राहिल्या? नवमीनंतर धुतलं म्हणता, म्हणजे मले फासावर देऊन राहिल्या!"

"मी लोखंडाबद्दल बोलून राहिली. तुमच्याबद्दल नाही."

"तुमचं लायसन मार्चमध्ये रिन्यूले येते ना? माही ओळख कुठवर आहे, विचारा कोणालेबी."

"मग मार्चमध्ये या," शामला म्हणाली. "आता मले काम आहे."

पण काम उरलं नाही. संध्याकाळच्या आत रुपराव कोठडीत गेले आणि शामलाच्या दुकानाला सील लागलं. पुरावा नष्ट केल्याचा संशय. भर बाजारात, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत, कुलपावर लाख ओतली गेली. जाता जाता डाखोरे खालच्या आवाजात म्हणाले, "अजूनबी वेळ आहे. घाईत विसरली म्हणा, सही करा. नाहीतर परवा तुमचंबी नाव आरोपीत टाकतो मी."

शामला घाबरली होती, नाही असं नाही. प्रतापनगरच्या घरी तिची आई एकटी, आणि या दुकानाशिवाय दोघींना दुसरा आधार नव्हता. पण भीतीपेक्षा तिला राग मोठा आला होता. कोणीतरी तिच्या हातचं काम नासवलं होतं आणि वर तिनेच ते केलं म्हणून सांगत होतं.

३

"मशीन तुमच्याकडेबी आहे ना, बाबाराव?"

बाबाराव घड्याळवाले जवळच चौकात बसत. डोळ्याला भिंग, ओठात विडी. त्यांनी टेबलाखालून मशीन वर काढली. वाटीएवढी. शामलाने वास घेतला आणि ती किंचाळलीच.

"पेट्रोल? मशीनमध्ये पेट्रोल, अन् तोंडात विडी?"

"घड्याळाले पाणी चालते का वं? पेट्रोलच लागते."

"मग हातानं धुवा, ब्रशानं! मशीन तापते, वाफ उठते. स्वतः तर जळान, वरच्या मजल्यावरच्या लेकराबाळांलेबी नेऊन बसान. विझवा आधी ते!"

बाबारावांनी निमूटपणे विडी विझवली. त्यांनी शामलाला फ्रॉकमध्ये पाहिलेलं होतं, पण ती ओरडायला लागली की त्यांनाच लहान झाल्यासारखं वाटायचं.

"अन् तू मले विचारून काय राहिली?" ते म्हणाले. "रिव्हॉल्व्हर माह्या या वाटीत कुठून मावन? एखादं मनगटी घड्याळ मावते, बस."

ते खरंच होतं. शामला उठली. घड्याळवाला सुटला, म्हणजे पुन्हा सगळं तिच्याच अंगावर आलं.

"थांब," बाबाराव म्हणाले. "मुंबईचा तो मशीन विकणारा, तुले अन् मले ज्यानं विकली, तो मागच्या महिन्यात येऊन गेला. म्हणे, नागपुरात तिसरी मशीनबी खपली. चांगली मोठी."

"कोणाले?"

"तेच तर त्यानं नाही सांगितलं. घेणाऱ्यानं म्हणे बजावलं होतं, कोणाजवळ बोलू नको म्हणून."

४

दुसऱ्या दिवशी शामला ठाण्यात जाऊन डाखोऱ्यांच्या समोर बसली.

"मले आरोपी करून राहिले ना? मग पुरावा आरोपीच्या समोर उघडा. पंच बोलवा, अन् मले भिंग द्या."

डाखोऱ्यांनी डोक्यावर हात मारला, पण पंच बोलावले. सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिनेच लागणार होते आणि बाई ठाण्यातून हलणार नाही हे उघड दिसत होतं.

तिने पांढरा कागद पसरला आणि त्यावर रिव्हॉल्व्हर उघडलं. चक्रीच्या मागे, रिकामी टोपणं बाहेर ढकलणाऱ्या चांदणीच्या खाली, काडी घालून हलकेच खरवडलं. कागदावर दोन-चार फिकट कण पडले.

"लाकूड," डाखोरे म्हणाले. "मुठीचं असन."

"मूठ अक्रोडाची आहे, काळपट. हा पांढरा भुसा आहे. माह्या दुकानात भुसा नाही. अन् घड्याळवाला तर भुशाले दुकानाच्या पायरीवर येऊ देणार नाही, त्याचं सगळं घड्याळ बसन."

तिने पुन्हा खरवडलं. या वेळी भुशाबरोबर एक पिवळा कण पडला. राईच्या दाण्याच्या टोकाएवढा, पण उजेडात लकाकणारा.

"पितळ आहे," डाखोरे लगेच म्हणाले. "गोळीच्या टोपणाचं पितळ."

शामलालाही आधी तसंच वाटलं. पण धुतलेल्या चांदणीखाली पितळ राहील कसं? तिने हवालदाराला कोपऱ्यावरच्या सोनाराकडे पिटाळलं. सोनार घाबरतच आला, हातात तेजाबाची बाटली घेऊन. कागदावरचा कण काचेवर घेऊन त्याने थेंब सोडला. पितळ असतं तर फसफसून हिरवं झालं असतं. कण होता तसाच पिवळा राहिला.

"सोनं आहे साहेब," सोनार म्हणाला. "पण बंदुकीत?"

शामलाने श्वास रोखून विचारलं, "भाऊ, तुमच्याकडे दागिना धुतल्यावर कोरडा कशानं करतात?"

"लाकडाच्या भुशात घोळवतो जी. पाणी शोषून घेते. तो भुसा आम्ही फेकत नाही. वर्षानुवर्षं तोच वापरतो, सोन्याचा कीस उतरते ना त्यात. मग झारेकरी घेऊन जाते, त्यातून सोनं गाळून काढते."

"अन् मग दागिन्याले तेल लावता?"

सोनार हसलाच. "सोन्याले तेल? काहून? सोन्याले गंज थोडाच चढते!"

डाखोऱ्यांनी रिव्हॉल्व्हरकडे पाहिलं, मग शामलाकडे, आणि खुर्चीवरून उठून जीपची चावी घेतली.

५

रुपरावांच्या घरी मीराबाई, त्यांची बायको, दारातच उभी होती. शामलाला पाहून तिच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"तुमच्या हट्टापायी माहा नवरा आत बसला आहे! एक सही करत्या तर तुमचं काय जात होतं वं बाई?"

शामलाने सगळं ऐकून घेतलं. शेवटी तिने एवढंच विचारलं, "ताई, पूजा मांडली त्या खोलीत नवमीच्या दुपारी कोण होतं?"

"कोणी नाही. सगळे जेवून लवंडले होते. ताराचंदभाऊ तेवढे तिथं पडले, पंखा तिथंच आहे म्हणून."

"ताराचंदभाऊ कोण?"

"उंबरकर सराफ. नागपूरचे. दर नवरात्रात देवीचे दागिने उजळून तेच आणतात. दोन पिढ्यांचं येणंजाणं आहे जी. संध्याकाळी आरती झाल्यावर स्कूटरनं परत गेले, अन् दसऱ्याच्या सकाळी आपट्याचं सोनं द्यायले पुन्हा आले. पूजेपुढे डोकं टेकलं, कुंकू वाहिलं."

"कापडाखालून काही गेलं, आलं, तर दिसलं नसतं?"

"तलवार, विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ, सगळा ढीग असते खाली. अन् कापड उचलून कोण पाहते? पाप लागते. गोळ्यांचा पट्टाबी तिथंच होता. किती गोळ्या, ते यांनाबी माहीत नसते."

डाखोऱ्यांनी शामलाकडे पाहिलं. ज्या रिवाजामुळे रुपरावांची बाजू भक्कम वाटत होती, त्याच रिवाजाच्या आडोशाने दुसऱ्या कोणीतरी रात्रभर हत्यार नेलं होतं.

नत्थूजींची बायको जयवंता देवळाशेजारच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तिच्या पापण्या सुजलेल्या, पण बोलणं स्वच्छ होतं.

"घटस्थापनेले देवीच्या डोक्यावर मुकुट हेच ठेवायचे. दरवर्षी. यंदा ठेवला अन् खाली उतरून मले म्हणाले, जयवंता, मुकुट हाताले हलका लागते वं. मी म्हणलं, तुमचं वय झालं, हात थरथरते. ते म्हणाले, हात थरथरते, पण वजन समजते. ताराचंदले आधी एकट्यात विचारतो. नाही सांगितलं, तर दसऱ्याले गावासमोर कसोटीवर घासतो." ती थांबली. "मी उगाच म्हणलं त्याइले, वय झालं म्हणून."

शामला तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि तिचा हात धरला.

परतताना डाखोऱ्यांनी जीप सुरू केली. "बाई, मुकुट आता पंचनाम्यासाठी मागतो मी," ते म्हणाले. "पण मुकुट खोटा निघाला तरी चोरी झाली, खून नाही. अन् उंबरकर तर सगळ्यांले सांगत फिरते, आम्ही बापजाद्यांसारखं रिठ्याच्या पाण्यात, हातानं धुतो. त्याच्याकडे मशीन आहे हे दाखवा, तर मी हात घालतो."

६

शामलाने आईच्या पानाच्या तबकातला अडकित्ता घेतला. पातं पोलादाचं, दांडीला चांदीची घुंगरं, बिजागरीत बारा वर्षांचा कात आणि चुना.

ताराचंद उंबरकर इतवारीतल्या दुकानात गादीवर बसले होते. पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, कपाळाला गंध. त्यांनी तिला ओळखलं नाही. ओळखायचं कारणही नव्हतं, बंदुकांच्या दुकानात सराफ कशाला जाईल?

"आईचा जुना आहे जी," शामला म्हणाली. "उजळून पाह्यजे. पण घुंगरं नाजूक आहेत. ब्रशानं घासू नका."

"बाई, आमच्या घराण्याचा हात आहे. रिठ्याचं पाणी, अन् मायेचा हात. बसा, चहा घ्या."

अडकित्ता घेऊन ते पडद्यामागे गेले. शामला चहाचा कप हातात धरून बसली. रस्त्यावर हातगाडीवाला ओरडत होता, शेजारी भांड्यांचा खणखणाट चालला होता. आणि मग त्या सगळ्याखालून, पडद्याच्या आतून, तिला तो आवाज आला. बारीक, सलग, दातात झिणझिण्या आणणारा. दोन वर्षं रोज ऐकलेला आवाज. तिने कप खाली ठेवला आणि कान दिला.

ताराचंद अडकित्ता घेऊन आले. लख्ख. बिजागरीच्या पोटातला कातसुद्धा गेलेला.

"इतकं स्वच्छ, हातानं?"

"म्हणलं ना, घराण्याचा हात."

शामलाने पैसे दिले, अडकित्ता रुमालात गुंडाळला आणि सरळ ठाणं गाठलं. डाखोऱ्यांच्या टेबलावर पांढऱ्या कागदावर तिने तो उघडून ठेवला. बिजागरीतून फिकट भुशाचे कण गळले. "याले हात लावू नका," ती म्हणाली. "सकाळी पाहा."

सकाळी पात्याच्या बुडाशी, बिजागरीच्या आत, नारिंगी रेघ उठली होती. अगदी रिव्हॉल्व्हरच्या पट्टीखाली उठली तशीच.

डाखोरे पंच, सोनार आणि देवळातून आणलेला मुकुट घेऊन उंबरकरांच्या दुकानात शिरले. सोनाराने मुकुट कसोटीवर घासला. वरचा मुलामा एका रेघेत गेला, खाली पितळ. पडद्यामागची मशीन बाहेर आली, तिच्या शेजारी भुशाची परात. हवालदाराने भुसा कागदात बांधायला घेतला.

ताराचंद सुरुवातीला हसत होते. मग हसू ओसरलं. "मशीन ठेवणं गुन्हा आहे का साहेब? गिऱ्हाइकाले हाताचं काम आवडते, म्हणून नाही सांगत."

"गुन्हा नाही," शामला पुढे आली. "पण तुम्ही त्यात रिव्हॉल्व्हर धुतलं. उघडलं नाही, मुठीसकट बुडवलं. मग या परातीत घोळवलं, तुमच्या सोन्याचा कीस त्याच्या पोटात गेला. अन् पुसून तसंच ठेवून दिलं. तेलाचा थेंब नाही. बंदूकवाला असं करत नाही, घड्याळवाला करत नाही. जन्मभर फक्त सोनं धुणारा माणूसच असं करते. गंज चढते, हे तुमच्या हातालेच माहीत नाही."

ताराचंदांनी आजूबाजूला पाहिलं. दुकानाबाहेर माणसं जमली होती, त्यातली निम्मी त्यांची गिऱ्हाइकं.

"नत्थूजी गावासमोर घासणार होता मुकुट," ते अखेर म्हणाले. आवाज बसला होता. "दोन पिढ्यांचं नाव होतं माह्या घराचं. मी पाया पडलो त्याच्या. तो म्हणे, देवीच्या पाया पड."

"म्हणून रुपरावले लटकवून देत होते?" शामलाने विचारलं.

"रुपराव सुटलाच असता. इतकं साफ धुतलं होतं मी," ताराचंद म्हणाले, आणि आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

७

सील काढायला डाखोरे भल्या सकाळी आले. बाजार अजून उघडला नव्हता, रस्ता झाडणारी तेवढी होती. त्यांना काम गुपचूप उरकायचं होतं.

"नाही," शामला म्हणाली. "लावलं तेव्हा किती लोक होते? तेवढे जमू द्या."

"बाई, मी माफी मागतो, मग तर झालं?"

"तीबी तेव्हाच मागा."

डाखोरे पायरीवर बसून राहिले. दुकानं उघडली, पानवाला आला, बाबाराव आले, गिऱ्हाइकांची दाटी झाली. लाख फोडली गेली, आणि डाखोऱ्यांनी टोपी काढून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, चूक झाली म्हणून सांगितलं. शामलाचे डोळे भरून आले. तिने ते पुसलेही नाहीत.

गर्दीतून रुपराव पुढे आले. चार दिवसांत माणूस उतरला होता, पण आवाज शाबूत होता.

"बाई, एक विचारू का? सही केली असती तर मी त्याच दिवशी घरी गेलो असतो. तुम्ही नाही केली, म्हणजे मी निर्दोष आहे हे तुमाले तेव्हाच समजलं होतं ना? खरा माणूस सापडावा म्हणून अडून बसल्या ना?"

शामलाला हो म्हणणं सोपं होतं. सगळा बाजार तेच ऐकायला उभा होता.

"नाही," ती म्हणाली. "मले वाटत होतं तुम्हीच मारलं. तरीबी मी हेच सांगितलं असतं, अन् तुम्हीच निघाले असते तरीबी हेच. हत्यार कोरडं होतं. ते मी ओलं कसं म्हणू?"

रुपराव तिच्याकडे बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना आवडेल ते सोडून खरं ते सांगितलं असावं. मग ते मोठ्याने हसले आणि त्यांनी मांडीवर थाप मारली.

"कोर्टातून सुटलं का रिव्हॉल्व्हर तुमच्याचकडे आणतो. दुसऱ्या कोणाले हात लावू देणार नाही. मार्चचीबी चिंता करू नका, मी पाहतो."

"मार्चचं मी पाहीन," शामला दार ढकलत म्हणाली. "तुम्ही एवढं करा, आणताना रिकामं करून आणा. नवरात्राच्या आधी तुम्ही माह्या टेबलावर ठेवलं, तेव्हा आत एक गोळी होती."

रुपरावांचं हसू जागच्या जागी विरलं. बाजार त्यांच्याकडे बघत होता, आणि शामला आत जाऊन दिवे लावत होती.